वर जायला दहाच

शकूरभाई ग्रेडरने माझ्या कापसात पहिल्यांदा हात घातला तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि तो तिशीचा. त्याला आता तीस वर्षं झाली. राग अजून गेलेला नाही. त्याच्याबद्दल मी एकेरीत लिहिणार आहे, कारण आमची सगळी भांडणं एकेरीतच झाली.

झालं असं की मी धाडच्या जिनिंगवर बैलगाडी भरून कापूस नेला होता. वरचा थर पहिल्या वेचणीचा, पांढराशुभ्र, बघत राहावा असा. खाली काय होतं ते मी सांगत नाही, तुम्हाला कळलंच असेल. इतर ग्रेडर प्रत ठरवायला वरचा पुंजका घ्यायचे, दोन चिमटींत ओढून धाग्याची लांबी बघायचे आणि पुढच्या गाडीकडे जायचे. शकूरभाईने वर पाहिलंसुद्धा नाही. त्याने सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सरकवली, गाडीच्या बाजूने ढिगात हात खुपसला आणि गाल कापसाला टेकेपर्यंत आत घातला. मूठ बाहेर आली ती पिवळ्या, किडक्या कवडी कापसाने भरलेली.

"किसनभाऊ," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खालचा कापूस तुहा हाये, समजलं. वरचा कोनाचा आनला?"

अख्खं जिनिंग हसलं. माझा माल दुसऱ्या प्रतीत गेला आणि माझं नाव पुढची दोन वर्षं 'वरचा कोनाचा' असं पडलं. तेव्हापासून मी त्याला ओळखतो. पुढे तो आमच्या गल्लीच्या मागच्या गल्लीत घर बांधून राहायला आला, तेव्हा मला काय वाटलं असेल ते पाहा.

संशय हा त्याचा धंदाच होता. शेतकरी पाणी मारतो, ढिगात दगड ठेवतो, फरदडीचा, म्हणजे शेवटच्या बहराचा हलका कापूस मधोमध दडपतो, हे त्याने हजारदा पाहिलेलं. त्यातला काही भाग माझ्याकडूनच पाहिलेला. पण धंदा संपवून घरी आल्यावरही त्याचा हात तळाशीच जायचा. लग्नाच्या पंगतीत वाढप्या वरणाची बादली घेऊन आला की हा म्हणायचा, "बुडातून घाल." टरबूज तर तो कापल्याशिवाय हातात धरायचा नाही. त्याची बायको खैरुन्निसाभाभी एकदा माझ्या बायकोला म्हणाली होती, "निकाहच्या वक्ताले काझीनं मले तीनदा इचारलं, कबूल हाये का. यायनं घरी आनून चौथ्यांदा इचारलं."

मग बीटी बियाणं आलं आणि त्याच्या संशयाला बळ मिळालं. पाकिटावर फुटलेल्या बोंडाचं चित्र होतं आणि दुकानदार शपथेवर सांगत होता, अळी शिवणार नाही. पहिली काही वर्षं खरंच शिवली नाही. आम्ही सगळ्यांनी ज्वारी सोडली, तूर सोडली आणि बांधापर्यंत कापूस लावला. पुढे गुलाबी बोंडअळी आली. बोंड बाहेरून हिरवंगार, धष्टपुष्ट, आणि बोटांनी फोडलं की आत काळं. त्यातच बिनपावतीची चोरटी पाकिटं सुटली, त्यांत कोणतं बी आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसायचं. त्या वर्षांत आमच्या भागात काय काय झालं ते मी इथे लिहीत नाही. ज्यांच्या घरात झालं ते आमचे शेजारी आहेत. एवढंच सांगतो की आमच्या गावात छापील अक्षरावरचा विश्वास तेव्हा गेला. शकूरभाई जिनिंगच्या फाटकात बसून म्हणायचा, "पह्यले शेतकरी कापसात खोट घाले. आता बोंडच खोट घेऊन येते."

आणि अशा माणसाचाच एकदा तळ पाहायचा राहिला, तोही लेकीच्या बाबतीत.

त्याची एकुलती एक मुलगी राबिया. बुलढाण्याहून गणितात एम.एस्सी. केलेली, बापासारखीच लांब बोटांची आणि कमी बोलणारी. तिला जालन्याचं स्थळ आलं. मुलगा आखातात कंपनीत आहे, असं सांगितलं. कागद दाखवले, फोटो दाखवले. शकूरभाईने कागद पाहिले आणि हो म्हणाला. मुलगा आखातात कधीच गेला नव्हता. तो घरी बसून होता आणि राबिया बाहेर शिकवायला जायचं म्हणाली की घरात आग लागायची. दोन वर्षांनी ती एक बॅग घेऊन धाडच्या बसमधून उतरली. त्या दिवशी शकूरभाई कामावर गेला नाही. माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "साऱ्या जिल्ह्याचा कापूस पाह्यला मी, किसनभाऊ. जावई वरूनच पाह्यला." मला त्याची इतकी दया कधीच आली नव्हती, आणि ती दाखवायची कशी तेही सुचलं नाही. मी चहा मागवला.

राबियाचे मामा तिला परत नांदायला पाठवायचं म्हणत होते. एवढ्यात तिला घरबसल्या काम मिळालं. बंगलोरची एक शिकवणी कंपनी, शारजा-दुबईकडची आठवी-नववीची मुलं, आणि राबियाने धाडच्या खोलीत बसून रोज दुपारी चार ते सहा त्यांना बीजगणित शिकवायचं. पहिला महिना परीक्षेचा. नियम कडक होता: शिकवताना तिचं चित्र अडकलं किंवा वर्ग तुटला की एक ताकीद, आणि तीन ताकिदी झाल्या की नारळ. महिना निभला तर काम कायमचं.

शकूरभाई मला म्हणाला, "हे काम लागलं का पोरगी माह्या घरी राहीन. जालना बी नाई आन् कुठी बी नाई. माह्या नजरेसमोर." त्याच्यासाठी यापेक्षा मोठं काहीच नव्हतं.

कामासाठी चांगलं नेट हवं होतं. स्टँडसमोर दीपकचं दुकान आहे. आधी तो टीव्हीची केबल द्यायचा, आता घरोघर नेटची तार देतो. दुकानावर त्याने मोठी पाटी लावली होती: 'शंभर एमबीपीएस'. आम्ही दोघं गेलो. शकूरभाईने पाटीकडे पाहिलं आणि मला कळलं, आता याची बाही वर जाणार.

"हे शंभर कायचे?"

"स्पीड हाये, चाचा."

"हे वरचं झालं. बुडाले किती?"

दीपक आधी हसला. मग मान खाजवत म्हणाला, "खाली यायले शंभर. वर जायले दहा."

"म्हंजे?"

"म्हंजे तुमी पाहता ते खाली येते. तुमी पाठवता ते वर जाते. अपलोड म्हनतात त्याले. घरगुती कनेक्शनले वरची वाट बारीकच असते. लोकं घरी पिच्चर पाहतात, क्रिकेट पाहतात. घरून कोन काय पाठवते? म्हून दहा."

"मंग पाटीवर काऊन नाई लेहलं?"

"पाटीवर जागा नाई, चाचा."

शकूरभाईने माझ्याकडे वळून पाहिलं. तीस वर्षांपूर्वी माझी कवडी मुठीत धरून त्याने असंच पाहिलं होतं. मला मात्र दीपकचं पटलं. आमच्या भागात येणारं सगळं भरधाव येतं, बियाणं येतं, फवारणीच्या बाटल्या येतात, भाषणं येतात. इथून काही पाठवायचं म्हटलं की रांग लागते. राबियाला विचारलं तर ती म्हणाली, तिच्या वर्गाला तीन पुरतात, फार तर चार. दहा म्हणजे पुष्कळ. मग तार घेतली. पण दीपक खोटं बोलतो ही खूणगाठ शकूरभाईने मनाशी बांधली ती बांधलीच.

त्या हंगामात कापसाचा भाव पडला आणि कोणीच कापूस विकायला काढेना. आदल्या वर्षीचा चढा भाव सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता. घरोघर पुढच्या खोलीत छताला लागेपर्यंत ढीग. माणसं ओसरीत झोपत होती आणि आत कापूस झोपत होता. त्यातल्या किड्यांनी सगळ्यांच्या अंगाला खाज सुटलेली, माझ्या तर पाठीवर चट्टे उठले होते. शकूरभाईच्या तीन एकरांतला कापूसही घरातच होता. अमडापूरकडे कोणाच्या घरातून रातोरात कापूस नेल्याची बातमी आली आणि तो दुसऱ्याच दिवशी बुलढाण्याहून चार कॅमेरे घेऊन आला. एक कापसाच्या खोलीत, एक फाटकावर, एक मागच्या भिंतीवर आणि चौथा ओसरीत. मोबाईल उघडला की कुठूनही घर दिसायचं. जिनिंगवर गाड्या येत नव्हत्या, काम नव्हतं. हा फाटकाच्या खुर्चीवर बसून दुपारभर मोबाईलमध्ये स्वतःचंच घर बघायचा.

एक दिवस राबियाचा वर्ग तुटला. समीकरणाच्या मधोमध तिचं चित्र अडकलं. तोंड उघडं, हात वर, आणि आवाज गेला. शारजाची पोरं हसली. पहिली ताकीद आली.

शकूरभाई घरी आला आणि त्याने नेटचा वेग मोजला. मोबाईलवर मोजता येतो, ते राबियानेच शिकवलं होतं. वर जायला पुरे दहा. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो घरीच बसला. चार ते सहा वर्ग लख्ख चालला. तिसऱ्या दिवशी तो जिनिंगवर गेला आणि साडेचारला चित्र पुन्हा थरथरायला लागलं. कसाबसा वर्ग संपला. त्याने वही केली. कापसाचा नमुना घ्यावा तसे तो नेटचे नमुने घ्यायला लागला: सकाळी, दुपारी, जुम्म्याच्या नमाजाआधी, नंतर. घरी असताना मोजलेला प्रत्येक आकडा दहा, नाहीतर साडेनऊ.

वही घेऊन तो माझ्याकडे आला. डोळे चमकत होते.

"पाह्य. मी घरी असलो का बरोबर. मी घराभाईर गेलो का खोट. कापसात बी असंच हाये, ग्रेडरनं पाठ फिरवली का पानी मारतात. कोनीतरी मी कव्हा जातो ते पाहून राह्यलं."

"कोन?"

"ज्याच्या हातात तार हाये तो."

दीपकचं दुकान स्टँडसमोर, आणि जिनिंगला जाताना शकूरभाई रोज तिथूनच जायचा. आता मी शहाणा माणूस असतो तर त्याला म्हणालो असतो, बाबा, त्या पोराला तुझ्या लेकीशी काय वैर? पण माझ्या डोक्यातही पाल चुकचुकली. माझ्या घरीही दीपकचीच तार होती आणि महिन्याभरापूर्वी माझा नातू बघत असलेला क्रिकेटचा सामना ऐन वेळी अडकला होता. आणि खरं सांगायचं तर एवढ्या वर्षांत शकूरभाई पहिल्यांदा माझ्या बाजूने संशय घेत होता, माझ्यावर नाही. मला ते आवडलं.

त्याने मला पाळतीवर बसवलं. दीपकच्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर मी तीन दुपारी डोळ्यांत तेल घालून बसलो. तिन्ही दिवस बरोबर चारला दीपकने शटर अर्धं खाली ओढलं आणि तो जिन्याने गच्चीवर गेला. तिथे त्याचे तारांचे डबे होते. अर्ध्या तासाने खाली आला तो हात झटकत. तिसऱ्या दिवशी, तो गच्चीवर असतानाच, राबियाचा वर्ग पुन्हा तुटला. दुसरी ताकीद.

यापुढे पुरावा कशाला हवा? आम्ही दोघं संध्याकाळी दुकानात गेलो. स्टँडवर गर्दी होती. शकूरभाईने वही काउंटरवर आपटली.

"चार वाजता गच्चीवर काय करतं बे तू?"

"मी?" दीपक गोंधळला. "चाचा, मी ते मायनं..."

"माय मधात आनू नको. माह्या पोरीची लाईन दाबून कोनाले देऊन राह्यला? शंभर लेहतं, दहा देतं, आन् त्यातलं बी काढतं?"

लोक जमले. पाटीवर लिहिलेलं आणि हातात पडलेलं वेगळं असतं, हे कोणाला पटवून द्यावं लागत नव्हतं. प्रत्येकाच्या घरी बियाण्याचं एखादं पाकीट खोटं निघालं होतं. दीपकने वहीतले आकडे पाहिले. तो एवढंच म्हणाला, "चाचा, मले एकदा घरी येऊ द्या. राऊटर पाहू द्या. काय खाते ते मी पाहतो."

"चोराले घरात घेऊ?" शकूरभाई म्हणाला. मी बाजूला उभा राहून मान डोलवली. त्या आठवड्यात अकरा घरांनी दीपकची तार सोडली. माझं घर पहिलं.

दुसरी तार घ्यायची तर पंधरा दिवस थांबावं लागणार होतं आणि राबियाचा महिना संपायला चारच दिवस होते. शेवटच्या दिवशी कंपनीची मोठी बाई वर्गात बसून पाहणार होती. त्या दुपारी मी शकूरभाईच्या अंगणात होतो. बाप-लेक आपसात उर्दूत बोलतात, पण मी असलो की आमच्या बोलीत.

राबिया म्हणाली, "अब्बू, आज घरीच राहा. तुमी घरी असले का चालते."

"आज राहीन. उद्या? परवा?" शकूरभाई म्हणाला. "मी राह्यलो तर तो हात लावनार नाई. त्याचा कोनी मानूस घराच्या तारेपाशी येत असन, आज रंगेहात धरतो. मंग जिंदगीभर कटकट नाई."

"आजचा दिस जाऊ द्या ना फक्त."

"तू शिकव. चोराचं मी पाहतो."

ती आत गेली. साडेतीनला शकूरभाई सगळ्या गल्लीला दिसेल असा जिनिंगच्या रस्त्याने निघाला, स्टँडवरून गेला, दीपकच्या दुकानासमोर मुद्दाम खोकला आणि मागच्या पांदीने फिरून माझ्या घरात शिरला. पुढच्या खोलीत माझ्या कापसाच्या ढिगावर आम्ही दोघं चढून बसलो. खाजेने जीव जात होता. चार वाजले. त्याने मोबाईल उघडला, आणि आज कोणतीच बाजू सुटायला नको म्हणून चारी कॅमेरे एकाच वेळी लावले.

पडद्याच्या चार खणांत घर दिसलं. फाटकावर कोणी नाही. मागच्या भिंतीवर मांजर. कापसाच्या खोलीत कापूस. चौथ्या खणात ओसरीतलं एक बंद दार. मी विचारलं, "हे कायचं दार?" त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दहा मिनिटं गेली. कोणीच आलं नाही. मग चौथ्या खणातलं दार धाडकन उघडलं आणि राबिया बाहेर आली. कपाळाला हात लावून उंबऱ्यात उभी राहिली. "तुटला," शकूरभाई म्हणाला. "आन् फाटकावर तर कोनी नाई. गच्चीवरूनच करून राह्यला तो. चल, धरू त्याले."

पण तो उठला नाही, कारण राबिया आमच्याकडे बघत होती. म्हणजे कॅमेऱ्याकडे. कोणी मोबाईलमधून बघत असलं की त्या कॅमेऱ्याचा बारीक दिवा हिरव्याचा निळा होतो, हे आम्हाला माहीत नव्हतं. तिला त्या क्षणी दिसलं. ती तशीच दोन-चार श्वास बघत राहिली. मग तिने स्टूल ओढलं, वर चढली, तिचा हात मोठा मोठा होत पडदाभर झाला आणि चौथा खण काळा झाला. मग ती कापसाच्या खोलीत दिसली, आणि ती खोली गेली. मग फाटक. मग मागची भिंत. मोबाईलच्या काळ्या काचेत फक्त आमची दोघांची तोंडं उरली.

आम्ही धावत त्याच्या घरी गेलो. दारात खैरुन्निसाभाभीने ओठांवर बोट ठेवलं. आतून राबियाचा आवाज येत होता, स्वच्छ, न अडखळता. कोणतं तरी पोर उत्तर देत होतं आणि ती म्हणत होती, "बिल्कुल सही." शकूरभाई ओसरीत भिंतीला टेकून बसला. मीही शेजारी बसलो.

सहाला ती बाहेर आली. तिच्या हातात वही होती.

"अब्बू, कुठी होते तुमी?"

"किसनभाऊच्या घरी."

"मोबाईलवर किती लावले होते?"

"चारी."

तिने वहीचं पान त्याच्यापुढे धरलं. "वर जायले किती?"

"दहा."

"तुमी भाईरून पाह्यलं का घराचं चित्र घरातून वरच जाते. एक कॅमेरा अडीच खाते. चार किती?"

शकूरभाईने बोटांवर मोजलं. मोजायची गरज नव्हती, तरी मोजलं. "दहा."

"माह्या वर्गाले काय राह्यलं?"

शकूरभाई घरी असला की कॅमेरे बघायचं कारण नसायचं, म्हणून घरी मोजलेलं सगळं बरोबर यायचं. जिनिंगवर गेला की बघायचा, आणि जितका संशय जास्त तितके जास्त कॅमेरे एकदम लावायचा. आणि दीपक? तो चारला गच्चीवर जायचा ते आईने वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करून झाकायला. हे मला नंतर त्याच्या आईनेच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आयुष्यभर पुरेल.

मला वाटलं विषय संपला. राबियाने वही मिटली आणि हळू आवाजात विचारलं, "तीन कॅमेरे कापसासाठी. चौथा कोनासाठी?"

"तो बी... कापसाच्या खोलीकडंच..."

"चौथ्यात कापूस दिसत नाई, अब्बू. माह्या खोलीचं दार दिसते."

त्याने मोबाईल जमिनीवर पालथा ठेवला.

"जालन्याले सासू दारात बसे, माह्यं उठनं-बसनं, बोलनं पाहाले," राबिया म्हणाली. "तिले मी नावं ठेवली. तिच्यात आन् तुमच्यात वायरीचाच फरक हाये."

"मले डर वाटते, बाई." शकूरभाई म्हणाला. "कोनी येईन, कोनी फसवीन. मी एकदा फसलो ना."

"फसले तुमी. भोगलं मी."

खैरुन्निसाभाभी रडायला लागली. मी चप्पल शोधली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी शकूरभाई एकटाच दीपकच्या दुकानात गेला. स्टँडवर तेवढीच गर्दी असेल अशी वेळ त्याने निवडली. "खोट माह्या घरात होती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्या पोराची काई चूक नाई." दीपक म्हणाला, "चाचा, मी म्हनलं होतं, राऊटर पाहू द्या." शकूरभाई म्हणाला, "हाव, म्हनलं होतं." अकरांतली सात घरं परत आली. मी महिनाभर तोंड चुकवत फिरलो आणि मग एक दिवस गेलो. दीपकने तार जोडून दिली, चहा मात्र विचारला नाही. त्याचं बरोबरच होतं.

कंपनीचं पत्र आलं. मोठ्या बाईने शेरा मारला होता की मध्ये पाच मिनिटं अडचण आली तरी शिक्षिका डगमगली नाही, म्हणून तिसरी ताकीद देत नाही. काम कायम झालं. खैरुन्निसाभाभीने खीर वाटली. शकूरभाईला हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि त्याच संध्याकाळी राबियाने सांगितलं की ती बुलढाण्याला खोली घेऊन राहणार आहे. काम घरबसल्याचंच, पण घर तिचं. मामा लोक ओरडले. शकूरभाई ओरडला नाही. त्याने कॅमेऱ्यांचे भिंतीवरचे खिळेसुद्धा काढून टाकले होते.

ती गेली त्या दिवशी मी स्टँडवर होतो. शकूरभाईने बॅग उचलून बसमध्ये ठेवली आणि खाली येऊन खिडकीशी उभा राहिला. कंडक्टर अजून चहा पीत होता. राबियाने खिडकीतून तोंड बाहेर काढलं.

"अब्बू, इचारा ना खोली कुठी हाये ते."

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्याला ओळखतो. खोली कुठे, घरमालक कोण, शेजारी कोण, दाराला कडी कशी, हे सगळं त्याच्या जिभेवर आलं असणार. पण आयुष्यात त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न हा तपासणीचाच होता. नुसतं लेकीला विचारायचं कसं, हे त्याला येत नव्हतं. तो खिडकीची दांडी धरून उभा राहिला. ती वाट बघत होती. कंडक्टरने घंटी मारली.

बस गेल्यावर मी म्हणालो, "इचाराचं होतं ना गा."

"कसं इचारू?" तो म्हणाला. "तिले वाटलं असतं, मी पाहून राह्यलो."

चार महिने झाले. ती दर जुम्म्याला आईला फोन करते. खोली कोणत्या गल्लीत आहे, हे शकूरभाईला अजून माहीत नाही.